बागबाजारचं बास्केटबॉल

...नाही, पण मी म्हणतो, माझा काय संबंध? तुम्हीच सांगा! मी वनस्पतिशास्त्राचा मास्तर. झाडं शिकवतो, झाडं! झाडाचं कसं बरं असतं, लावलं तिथे उभं राहतं, धावत नाही, उड्या मारत नाही, गुडघा फोडून घेत नाही, आणि तासाला उशिरा येऊन 'श्यार, हावड्याची लाँच चुकली' असं तर मुळीच म्हणत नाही! अशा माणसाला, तुम्हाला सांगतो, ह्या लोकांनी कॉलेजच्या मुलांच्या बास्केटबॉल टीमचा इनचार्ज केला. का? तर म्हणे मी मराठी!

आता मराठी असण्याचा आणि बास्केटबॉलचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. झालं काय, स्टाफ मीटिंग चालू होती, आधीचे इनचार्ज रिटायर झालेले, आणि प्रिन्सिपॉल भट्टाचार्यबाबूंनी विचारलं, 'टीम कोण घेणार?' की सगळा स्टाफ एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागला. मी नेमका वर बघत होतो. पंखा कुरकुरतोय कुठे ते शोधत होतो हो! मान वर असलेला एकटाच मी. साहेब म्हणाले, 'आरे, पाटणकोर! आपनी तो मराठा! तुमच्या भीतीनं ह्या कलकत्त्यानं आपल्या बागबाजारपासून खंदक खणला होता, खंदक! टीमला असाच लढवय्या पाहिजे!' कसला लढवय्या? आमचे आजोबा रेल्वेत कारकून म्हणून गार्डन रीचला आले ते पेन्शन घेऊन इथेच राहिले. आमच्या घराण्यात धारदार म्हणून एकच वस्तू, विळी, आणि तीही आईच्या हातात! पण ऐकतो कोण? टाळ्या वाजल्यासुद्धा.

आणि वर अट! 'हे बघा पाटणकोर, ही टीम कित्येक वर्षांत एक मॅच जिंकलेली नाही. यंदा एक जिंकून दाखवा. एकच! नाहीतर टीम बंद, आणि त्या कोर्टावर स्टाफच्या स्कूटरींचा स्टँड.' आता गंमत बघा, माझी स्वतःची स्कूटर आहे. रोज गल्लीत उन्हात तापते, तिच्या सीटवर मांजरं झोपतात. म्हणजे टीम हरली तर फायदा माझाच! मग मी का म्हणून जीव टाकायचा? माझा काय संबंध?

तर गेलो पहिल्या दिवशी कोर्टावर. आता कोर्ट म्हणजे तुम्हाला वाटेल भलं मोठं मैदान... छे! चारी बाजूंनी जुनी घरं, मध्ये हा सिमेंटचा तुकडा, आणि त्यावर... बांबू! रिंगखाली बांबू, मधल्या वर्तुळात बांबू, बांबूच बांबू! मी म्हटलं हे काय? तर तन्मय म्हणजे आमचा कॅप्टन, हा तोच लाँच चुकणारा, तो अगदी शांतपणे म्हणतो, 'श्यार, पूजेचा मांडव. आळीची दुर्गापूजा आपल्याच कोर्टावर होते ना.' अरे, पण पूजेला दोन महिने आहेत! 'हो श्यार, म्हणून तर आत्ता नुसते बांबू आहेत.' आणि मग प्रॅक्टिस? 'बांबूंच्या मधून करायची, श्यार.' आणि खरंच करत होती हो कार्टी! बॉल आपटत आपटत ह्या बांबूच्या डावीकडून, त्या बांबूच्या उजवीकडून, वाकून, गिरकी घेऊन... माझ्यासारख्या अडाण्याचेही डोळे फिरले. म्हटलं, एक मॅच? अरे, ही पोरं करंडक आणतील!

पूजा झाली, मांडव उतरला, मॅचेस सुरू झाल्या. पहिली मॅच दुसऱ्या कॉलेजच्या मोकळ्या, गुळगुळीत कोर्टावर. शिट्टी वाजली, तन्मयनं बॉल घेतला, निघाला... आणि मध्येच डावीकडे वाकला. कशाला वाकला? समोर कोणी नाही! मग उजवीकडे गिरकी. तिथेही कोणी नाही! अहो, नसलेले बांबू चुकवत होती पोरं! पाचच्या पाच! समोरची टीम आधी जरा घाबरली, त्यांचे कोच मला येऊन हळूच विचारतात, 'ही कुठली नवीन पद्धत?' मी म्हटलं, आमच्याकडची आहे. पण ते किती वेळ टिकणार? त्यांच्या लक्षात आलं की आपण सरळ धावलो तरी चालतं. हरलो. पुढचीही हरलो. त्याच्या पुढचीही... जाऊ द्या, तुम्ही आपले लोक, तुमच्यापासून काय लपवायचं, सगळ्याच हरत गेलो.

आणि मी बाकावर बसून काय करणार? मला नियम कळत नाहीत, आपली रिंग कुठली ते अर्ध्या वेळानंतर बदलतं म्हणे, मी कितीतरी वेळ दुसऱ्यांनाच शाब्बास म्हणत होतो! पण आपला कोणी रिंगपाशी पोचला की आपोआप तोंडातून मराठीच यायचं, 'अरे घाल! घाल रे घाल!' झालं, पोरांनी तेच उचललं. म्हणजे आता बागबाजारात अशी परिस्थिती आहे की बंगाल्यांची पोरं बॉल रिंगकडे फेकताना 'घाऽऽल' म्हणून ओरडतात! घरी आमची सुचित्रा म्हणते, 'अहो, काल झोपेत तुम्ही उशी भिरकावलीत आणि घाल म्हणालात. तुमचा काय संबंध?' बघा, म्हणजे बायकोलासुद्धा कळतं!

बरं, पोरं हरतात म्हणून आळीनं तरी जरा दया दाखवावी? तर तिथे बिभामासीमा! कोर्टाला लागून त्यांची पहिल्या मजल्यावरची बाल्कनी. दुपारी ह्या झोपणार आणि चार वाजता बॉल सुरू होणार, ठप्प ठप्प ठप्प... की लगेच वरून, 'ओ मास्टरमोशाय! माझं डोकं म्हणजे तुमचं कोर्ट आहे का?' एकदा तर बॉल थेट त्यांच्या वाळत घातलेल्या डाळीच्या वड्यांवर, म्हणजे आपल्या सांडग्यांवर! बॉल तर जप्त केलाच, वर त्यांनी जे काही ऐकवलंय... मला सगळं बंगाली येतं असा माझा समज होता, तो त्या दिवशी गेला.

पण काम पडलं की हीच आळी, हीच टीम! मांडवात दिवे लावायचेत? बोलवा टुकाईला. हा आमचा सगळ्यात उंच खेळाडू. सहा फुटांच्या वर देह, आणि घरचं लाडाचं नाव टुकाई! टी-शर्टवरसुद्धा तेच छापलंय. स्टूल नको, काही नको, हात वर केला की दिवा लागला. भोगाच्या खिचडीची पातेली उचलायचीत? टीम. पावसात गल्ली तुंबली, मासीमांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या... दुसऱ्यांच्या कमरेला पाणी, टुकाईच्या गुडघ्याला, मग जाणार कोण? आणि गोळ्या घेतल्या घेतल्या मासीमा काय म्हणाल्या? 'पाणी उतरलं की परत तो ठप्प ठप्प सुरू करशील ना, मेल्या!' आळीच्या लेखी ही टीम नव्हतीच हो, सार्वजनिक शिडी होती! मी चिडायचो. म्हणायचो, अरे, ह्या वेळात नेम धरा! तर तन्मय म्हणायचा, 'श्यार, ते लोक बोलावतात ना.' बोलावतात म्हणून जायचं!

तर आली शेवटची मॅच. डिसेंबरातला रविवार, दुपारी. समोरची टीम जवळजवळ आमच्याइतकीच वाईट! म्हणजे ही जिंकण्यासारखी होती, खरंच होती! आणि त्याच दिवशी सकाळी आळीच्या क्लबचं रक्तदान शिबिर. मी आदल्या दिवशी सगळ्यांना उभं करून बजावलं, खुर्च्या मांडा, केळी वाटा, काय वाटेल ते करा, पण रक्त कोणी द्यायचं नाही! द्यायचं नाही! समजलं? 'हो श्यार.' शपथ घ्या. 'घेतली श्यार.'

सकाळी गेलो पोरांना घ्यायला. आत खाटा मांडलेल्या. आणि काय दिसावं? खाटांच्या टोकाला, चादरीबाहेर, ओळीनं... बास्केटबॉलचे बूट! खाटा लहान, पोरं लांब, नुसते बूटच बूट बाहेर आलेले! मी धावलो. तन्मय झोपूनच म्हणतो, 'श्यार, थंडी आहे ना, कोणी आलंच नाही.' अहो, कलकत्त्यात जरा गारवा सुटला की सगळी आळी माकडटोपी घालून घरात बसते, 'ठांडा लेगे जाबे', म्हणजे थंडी बाधेल! रक्त कोण देणार? 'आणि डॉक्टर म्हणाले, थॅलेसेमियाच्या वॉर्डातल्या मुलांसाठी रक्त न्यायचं होतं, आता गाडी रिकामी नेऊ का? मग श्यार...' मग काय? 'मग मी आडवा झालो. कॅप्टन आहे ना.' अरे, मग तू एकटा व्हायचंस! बाकीचे कशाला? तर शेजारच्या खाटेवरून टुकाई, 'श्यार, तुम्हीच म्हणता, टीमनं एकत्र राहायचं.' बरं, निदान बदली खेळाडू? अहो, ते पलीकडच्या खाटांवर!

डॉक्टर म्हणाले, आज धावपळ अजिबात नाही. संपलं. मी ओरडलो, खूप ओरडलो, मराठीत ओरडलो, हिंदीत ओरडलो... आणि तेवढ्यात नर्सबाई म्हणाल्या, 'आपण देणार?' आता तुम्हीच सांगा, मी काय म्हणायला पाहिजे होतं? माझा काय संबंध, असंच ना? तोंड उघडलं त्यासाठीच. पण ती सगळी पोरं माझ्याकडे बघत होती हो, हाताला कापूस धरून... मीही बूट काढले. तिकडे वॉकओव्हर देऊन मॅच गेली तेव्हा आम्ही सगळे ओळीनं आडवे पडून उकडलेली अंडी खात होतो. आणि सांगतो तुम्हाला, इतकी वर्षं नोकरी केली, पण पोरांचा इतका राग आणि इतका अभिमान एकाच वेळी कधी आला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. नर्सबाईंना वाटलं सुई टोचली.

सोमवारी प्रिन्सिपॉल कोर्टावर हजर. बरोबर पट्टे मारायला चुन्याची बादली घेतलेला माणूस. 'पाटणकोर, शब्द म्हणजे शब्द.' पोरं एका कडेला उभी, आळी खिडक्यांतून बघतेय. तेवढ्यात वरून आवाज, 'ओ भोट्टाचार्जोबाबू!' मासीमा! 'काय, माझ्या खिडकीखाली स्कूटरी फटफटवणार?' साहेब म्हणाले, पण मॅच हरले ना. 'हरले? अहो, बॉल टाकणं सोपं वाटतं का तुम्हाला? तुम्ही टाकून दाखवा! तुमचा एक जरी गेला ना, तर खुशाल मारा पट्टे. नाही गेला तर पोरांना हात लावायचा नाही!' आणि जप्त करून ठेवलेला बॉल वरून दिला की फेकून! तो उड्या मारत आला तो थेट साहेबांच्या पायापाशी.

आता सगळी आळी बघतेय, माघार कशी घेणार? साहेबांनी बॉल उचलला, टाकला. रिंगच्या आसपासही नाही. परत टाकला. बोर्डाच्या वरून गेला. मी मनातल्या मनात हात जोडले, असंच राहू दे देवा, असंच! आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, हा आमचा तन्मय पुढे जातो, बॉल आणून देतो आणि म्हणतो, 'श्यार, गुडघे जरा वाकवा.' मी म्हटलं, अरे गाढवा! टुकाई म्हणतो, 'कोपर आत घ्या, श्यार.' मी कोपऱ्यातून खुणा करतोय, अरे गप्प बसा, गेला तर तुमचंच कोर्ट जाईल! तर तन्मय माझ्याकडे वळून म्हणतो, 'पण श्यार, चुकतंय ना त्यांचं. सांगायला नको?' काय करायचं ह्यांचं? रक्त मागितलं, रक्त दिलं. आता स्वतःच्या मानेवर सुरी कशी धरायची तेही नीट शिकवून देतायत! आणि साहेब गुडघे वाकवतायत, आणि सगळी पोरं, आणि खिडक्यांतली माणसं, सगळी मिळून ओरडतायत, 'घाऽऽल!'

आणि गेला. अगदी अलगद, रिंगला न लागता.

चुनेवाल्यानं बादलीत ब्रश बुडवला. मासीमांनी कपाळावर हात मारला. मी डोळेच मिटले. आणि ऐकू आलं काय? 'पाटणकोर... हा जरा नशिबानं गेला. असा हिशोबात धरता येणार नाही.' डोळे उघडतो तर साहेबांनी कोट काढून चुनेवाल्याच्या हातात दिलेला, बाह्या वर केलेल्या! 'तन्मय, बॉल दे. आणखी एकदा.'

तेव्हापासून चालू आहे. स्टँडचं नाव कोणी काढत नाही, टीम बंद करायचं तर नाहीच नाही. मासीमा बाल्कनीत खुर्ची टाकून बसतात. पोरं रोज चार वाजता येतात, ओळीनं उभी राहतात, वाट बघतात... कारण साहेब त्यांच्याही आधी येऊन बसलेले असतात, आणि तुम्हाला सांगतो, काही केल्या बॉल दुसऱ्याच्या हातात देत नाहीत!