पुढचं पुस्तक कुणी सांगायचं

नाही गं, नाही आला अजून चष्मा. काच यायचीय. बस ना, उभी का राहिलीस — त्या स्टुलावर नको, ते डुगडुगतं, इकडे आरशासमोर बस. सासूबाईंना सांग, मावशी म्हणाली, येईल एवढ्यात. आता काच घासून यायची म्हणजे आपल्या हातात असतं का काही? नसतं. एक तर तिचा नंबर हा एवढा जाड, त्यात बाईसाहेबांना काच हवी पातळ — वेळ लागणारच. पिशवीत काय आहे? पुस्तक? बघू. — नको, राहू दे, नाही बघत. तिच्यासाठीच असणार. तूच निवडलंस ना? वाटलंच मला.

कसं निवडतेस गं तू? नाही, आपलं सहज विचारलं. फोनवर बघतेस का, लोक तारेबिरे देतात ते? — नाही? मग? दुकानात उभ्या उभ्या पहिलं पान वाचतेस. हं. वाच बाई. पहिल्या पानावर सगळेच लेखक आंघोळ करून, भांग पाडून उभे असतात. मी मधलंच पान उघडते. मधल्या पानावर लिहिणारा दमलेला असतो, तिथं कळतं गडी कसा आहे ते. तुझ्या सासूला हे मीच शिकवलं. ती पूर्वी कशावरून निवडायची माहितीये? जाडीवरून! 'जाड पुस्तक म्हणजे सोबत जास्त,' म्हणायची. गोगलगाय म्हणते मी तिला, शाळेपासून. एक पान वाचायचं, मग खिडकीबाहेर बघत बसायचं, मग तेच पान परत. आणि मी तिची आगगाडी. हे नाही सांगितलं तिनं तुला? नाही? — बरं. सगळं कुठं सांगेल म्हणा.

आमचं कसं होतं, शनिवारी तिचं टेलिफोनचं ऑफिस लवकर सुटायचं. ती तशीच इथे यायची, पर्स काउंटरवर टाकायची — तू आत्ता हात ठेवलायस ना, तिथंच — मी दुकान बंद करायचे आणि आम्ही जायचो पोस्टाच्या वरच्या मजल्यावर, लायब्ररीत. आणि तिथं एक कायदा होता आमचा. तिचं पुस्तक मी काढायचं, माझं तिनं. दुसरीनं हातात दिलेलं नाही म्हणायचं नाही. लायब्ररीवाल्या बाई हसायच्या, 'स्वतःचं स्वतः घेता येत नाही का तुम्हाला?' येतं की! पण त्यात काय मजा? मी आधी तिच्या तोंडाकडे बघायचे, मग कपाटाकडे. साहेबाशी वाजलेलं असलं की एक झकास खून. गुडघा धरला असला की जहाजं, वादळं, कुणीतरी लांबच्या बेटावर चाललंय — घरात बसून जाऊन येऊ दे म्हटलं तिला. तुमचं लग्न ठरलं ना, तेव्हा तर तिची झोप उडाली होती. हो, हो, तुझ्यामुळेच! 'कशी असेल गं, माझ्याशी बोलेल ना?' असं चाललेलं. मी तिला एक अशी कादंबरी काढून दिली की त्यात अख्खं घरदार एकमेकांच्या जिवावर उठलंय. वाचून खाली ठेवली आणि म्हणाली, 'आगगाडे, आमचं बरंच बरं चाललंय की.' म्हणजे बघ, तू घरात यायच्या आधीपासून तुझी बाजू मी सावरतेय. आहे का याची जाण कुणाला?

आणि तिनंही निवडलं हं माझ्यासाठी. माझे हे गेले तेव्हा — तू तेव्हा नव्हतीस — घर माणसांनी भरलेलं, जो तो माझ्याकडे तोंड पाडून बघतोय. ही आली, उशीखाली पुस्तक सरकवून गेली. कसलं असेल? विनोदी! एक माणूस घराच्या गच्चीवर होडी बांधतो, आणि ती खाली कशी उतरवायची हेच त्याला सुचत नाही. मी रात्री पांघरुणात तोंड खुपसून हसले गं. नणंदेला वाटलं मी रडतेय, पाठीवरून हात फिरवत बसली. नवरा गेलाय आणि मी हसतेय — आणि त्या हसण्यानंच मग रडू फुटलं. तोवर डोळ्यांतून पाणी म्हणून आलं नव्हतं. हे कुणाला कळलं? माझ्या आईला नाही, बहिणीला नाही. गोगलगायीला कळलं.

म्हणून मग तुझे सासरे गेले तेव्हा मी काय केलं? तेच. दुसरं काय करणार? अख्खी लायब्ररी पालथी घातली, तसंच एक नवंकोरं शोधलं, हलकंफुलकं, पोट धरून हसवणारं. नेऊन दिलं. आणि चार दिवसांनी तिनं ते परत दिलं. उघडलेलंसुद्धा नव्हतं — मला कळतं ना, न उघडलेल्या पुस्तकाचा कणा कसा ताठ असतो. 'मला हसायचं नाहीये गं,' म्हणाली. एवढंच. आमचा कायदा मोडला तिनं, आणि मोडलाय हे तिच्या लक्षातही नाही आलं. आणि मग तू तिला ते दिलंस. ते बारीकसं. म्हातारी नवऱ्याचं कपाट आवरते, बस, दुसरं काहीच घडत नाही त्यात — मी वाचलं ना, लगेच आणून वाचलं. काय एवढं आहे बघावं म्हटलं. शर्ट काढते, घडी घालते, परत ठेवते. शेवटपर्यंत तेच. तिनं दोनदा वाचलं म्हणे? तीनदा? — बघ. मला दोनदा सांगितलं होतं. 'सुनेनं बरोबर ओळखलं बघ,' असं म्हणाली, इथं, या काउंटरशी. मी तेव्हा कुणाच्या तरी फ्रेमचा स्क्रू पिळत होते. तो पिळता पिळता तुटला.

रागावले नाही गं मी. तुझ्यावर कशाला रागावू? तू पोरगी गुणाची आहेस. पण एक सांगते, नवऱ्याचं कपाट आवरायचं पुस्तक मीसुद्धा देऊ शकले असते. नाही का? मला काय कळत नाही? मी स्वतः आवरलंय तसलं कपाट. पण मला वाटलं — जाऊ दे, काय वाटलं. त्यानंतर शनिवारी ती आली की म्हणायची, 'आज माझं राहू दे, घरी आहे वाचायला.' आहे म्हणजे कुणी आणलेलं? तर तू आणलेलं. मग मीही म्हटलं, माझंही राहू दे. मग मीच शनिवारी दुपारी दुकान चालू ठेवायला लागले. गिऱ्हाईक असतं ना.

आणि आता चष्मा नाही म्हटल्यावर काय करते ती? बसून असेल नुसती. मोठी अक्षरंसुद्धा दिसत नाहीत तिला, जुन्याची तर काच फुटली. कंटाळली असेल. तेवढंच डोळ्यांना — काय? कोण वाचून दाखवतं?

तू?

रोज?

रोज संध्याकाळी. गॅलरीत. — आणि ती ऐकते? तिला तर दुसऱ्याचा आवाज मध्ये आलेला चालत नाही! मी एकदा एवढंसं वाचून दाखवायला गेले तर म्हणाली, 'तू फार पळतेस.' — तू हळू वाचतेस. हो. वाचत असशील. मध्ये थांबतेससुद्धा? ती बाहेर बघते तेव्हा थांबतेस. अस्सं. आणि मग तेच पान परत. — वा. म्हणजे मी इथं आठवडाभर तो चष्मा खणात दडपून ठेवला, आणि तिकडे तुमची —

काही नाही. काही नाही म्हटलं ना. काच यायचीय म्हणाले, तेच.

अशी बघू नकोस माझ्याकडे. बरं, आहे. हा काय. सोमवारपासून आहे. घे, बघ, पातळ काच, हलकी फ्रेम, दांड्या माझ्या हातानं वाकवल्यात, तिचा डावा कान जरा वर आहे म्हणून. मनाशी म्हटलं, दोन दिवस नाही वाचलं तर काय बिघडणार आहे? तेवढे दिवस तुझी पुस्तकं तशीच पडून राहतील. कंटाळून येईल इथं, गप्पा मारायला तरी येईल — नाही आली. येईल कशाला, घरबसल्या ऐकायला मिळतंय तर! आता तिला सांगणार असशील. सांग. सांगच. — नाही सांगणार? का? माझी कीव आली? कीव नको हं करूस, ती मला मुळीच चालत नाही.

काय म्हणते ती? — परत सांग. 'आगगाडी हल्ली आमच्या स्टेशनवर थांबत नाही.' असं म्हणाली? हसत म्हणाली की — हसत नाही. मग तू काय म्हणालीस? पुढचं पान वाचायला घेतलंस. शहाणी आहेस.

कुठवर आलंय पुस्तक? शेवटचं प्रकरण. आज संपेल. आणि पिशवीतलं हे त्याच्या पुढचं. हं.

आज संध्याकाळी तुला कुठं जायचंय का गं? — नाही? जा की कुठंतरी. नवऱ्याला घेऊन जा, फिरायला जा, माहेरी जा, रोज काय सासूपाशी बसायचं तरण्या पोरीनं! मी येईन. दुकान लवकर बंद करते आज. खूण घातलीय ना पुस्तकात? मग झालं. हळू वाचीन. ती बाहेर बघायला लागली की थांबेन, मला काय थांबता येत नाही? आण तो चष्मा इकडे. मी आणते येताना, तू कशाला नेतेस. आणि हे बघ — चष्मा झालाय म्हणून तिला आत्ताच बोलू नकोस. मी देते. प्रकरण वाचून झालं की देते.

जा आता. आणि ते पिशवीतलं इथंच ठेवून जा. — ठेव म्हटलं ना. दार ओढून घे.