लाल ठिपका आणि आठ वॉल्व्ह

…आणि वर हे मलाच विचारतात, हात का लावलास? आता तुम्हीच सांगा, घरात रांगत्या जुळ्या पोरी, हाताला लागेल ते तोंडात, आणि ह्यांचं गॅरेज कुठे, तर स्वयंपाकघराच्या दाराला लागून, आणि त्या दारात ठेवलंय काय, तर टॅक्सीवाल्या काकांच्या इंजिनाचे आठ वॉल्व्ह! वॉल्व्ह म्हणजे मोठ्या डोक्याचे खिळेच समजा, पुठ्ठ्याला भोकं पाडून रांगेनं खोचलेले, आणि डोक्यावर ही काजळी, करपलेल्या दुधाच्या पातेल्याला धरते तशी. हे तिला कार्बन म्हणतात. काही का म्हणेनात, मला आपलं डोळ्यांपुढे दिसलं, धाकटीचं तोंड काळं आणि मी डॉक्टरांच्या दारात.

हे सामान आणायला गेलेले, पोरी झोपलेल्या. घेतले वॉल्व्ह, बुडवले रॉकेलमध्ये, तारेच्या ब्रशनं असे घासले की माझी नखं गेली पण एकेक लखलखला. पुठ्ठा तेलकट, तो टाकला कचऱ्यात, आणि वॉल्व्ह लावले चमच्यांच्या स्टँडमध्ये, मोठे मागे, लहान पुढे. शोभा आली हो! स्वच्छच केलं ना मी?

हे आले आणि बघतच राहिले. मला वाटलं कौतुक… तर म्हणाले, "पुठ्ठा कुठाय?" कचरेवाला घेऊन गेला म्हटलं, तर मटकन खाली बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग कळलं, तुम्हाला सांगते, इंजिनात प्रत्येक वॉल्व्हची आपापली जागा असते, वर्षानुवर्षं घासून घासून तिथेच नीट बसलेला, ह्याच्या जागी तो घातला की गाडीचा दमच निघून जातो. आणि कुठला कुठे, हे फक्त पुठ्ठ्याला ठाऊक. मी म्हटलं, अहो पण मोठे-लहान सोडले तर सारखेच तर दिसतात, आणि… स्वच्छच केलं ना मी?

"तुझ्या पोरी दिसत नाहीत सारख्या?" हे म्हणाले.

तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. सासूबाई उभ्या. तुम्हाला मागच्या आठवड्यातलं सांगायचंच राहिलं, म्हणजे सांगणार नव्हतेच… थोरलीचं औषध चालू आहे, गफलत नको म्हणून मी तिच्या पायाच्या अंगठ्याला नेलपॉलिशचा लाल ठिपका देते. तो सासूबाईंनी आंघोळ घालताना खसाखसा घासून काढला. "मला काहीतरी लागलंय वाटलं गं, स्वच्छच केलं ना मी?" आणि मी काय तोंड सोडलं त्यांच्यावर, शेजारीण खिडकीत आली! तेव्हापासून पोरींच्या आंघोळीला त्यांना हात लावू दिला नव्हता. आणि आज त्यांचंच वाक्य माझ्या तोंडात, सूरसुद्धा त्यांचाच. जमीन दुभंगून पोटात घेईल तर शपथ!

त्यात काका आले. पहाटे त्यांना लांबचं भाडं. मी दाराआड, आता हे सांगणार, बायकोनं घाण केली. तर हे म्हणतात, "काका, चूक माझी झाली. सगळे वॉल्व्ह पुन्हा घासून बसवायला लागतील. गाडी परवा." मग काका ह्यांना जे बोलले ना, ते मला बोलले असते तर सोसलं असतं मी.

सासूबाई? त्यांनी कपाटातली नेलपॉलिशची बाटली आणून ह्यांच्यापुढे ठेवली, म्हणाल्या, "आता ज्याची जी जागा ठरवशील तसे ठिपके दे. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन." आणि टॉवेल खांद्यावर टाकून माझ्याकडे न बघता, "पोरींना आज मी आंघोळ घालते."

विचारलं नाही, सांगितलं. मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू? बाजूला झाले. आत पाणी वाजतंय, खसाखसा घासल्याचं ऐकू येतंय, इकडे मी ह्यांच्या शेजारी बसून ठिपके देतेय, आणि आठव्या वॉल्व्हला बाटली संपली.

असो. इंजिनाचे आठही आता ओळखू येतात. पोरी दोनच आहेत, त्यातली थोरली कुठली, तेवढं सासूबाईंना विचारून घेईन.