मोरीवालीच्या डोक्यावर कानबाई

माझं माहेर शिंदखेड्याकडचं, सासर चोपड्याजवळ, थोरली सून म्हणून आले, आणि आमच्यात थोरलीचा मान काय, तर श्रावणात घरात कानबाई देवी बसते, ती दुसऱ्या दिवशी नदीवर बोळवायला न्यायची तेव्हा थोरलीनं डोक्यावर घ्यायची, मागं बठ्ठे म्हणजे सगळे भाऊबंद, डफ, बायकांची गाणी. काय सांगू तुले बेटा, वर्षभर शेण काढा, कापूस वेचा, कोणी विचारत नाही, पण त्या एका सकाळी गाव मले वाट द्यायचं.

दुसऱ्या बाळंतपणानंतर ते सुरू झालं. लघवी लागली की लागली, थांबणं नाही, तांब्या घेऊन कापसाच्या पऱ्हाटीत पळायचं, कधी पोचायचं, कधी नाही. धाकटी जाऊ सुमन, तिनं नाव ठेवलं मोरीवाली. घरात म्हणायची ते गिळलं मी. पण एका वर्षी कानबाई उचलायच्या वेळी भाऊबंदांसमोर म्हणाली, अक्काच्या डोक्यावर देवी द्याल, आणि वाटेत तिले लागली तर देवीनं काय करायचं, थांबायचं? हसले सगळे. आमचे हेही मिशीत हसले. सुमननं पदर खोचला आणि देवी स्वतःच उचलली. मी मागं चालले, तिच्या भेगाळ टाचा बघत. त्या टाचा अजून दिसतात मले.

आधी गोळ्या खाल्ल्या, तोंड कोरडं ठक्क पडायचं, बाकी काही नाही. मग जळगावच्या एक डॉक्टरीणबाई भेटल्या, गुडघे-पाठीले करंट द्यायच्या त्या. रेडिओएवढं मशीन, घोट्याच्या वर पट्टी चिकटवायची, वायर जोडायची, की पायाचा अंगठा आपोआप थरथरतो. मी म्हटलं, बाई, दुखणं कुठं आणि तुम्ही पाय कुठं धरला? त्या म्हणाल्या, ही शीर वर मणक्यात जाते, लघवीच्या पिशवीची शीरही तिथूनच येते, हिले चाळवलं की ती शांत होते, पण सगळ्यांलेच गुण येतो असं नाही, आणि आला तरी मधून मधून यावं लागेल, खर्च आहे.

खर्च म्हटल्यावर ह्यांनी हात झटकले. मी म्हैस विकली. माझ्या माहेरची म्हैस, दूध मात्र बठ्ठ्या घराले, आणि सुमनचा चहा म्हणजे नुसत्या दुधाचा. ती म्हणाली, अक्का, म्हैस विकीसन मुतानं शिकशी का? मी म्हटलं, हो, आणि तू कोरा चहा पिवानं शिक. म्हैस जाताना वळून वळून रेकत होती, मी गोठ्यात बसून रडले, पण सुमनच्या बशीतला काळा चहा बघितला की बरं वाटायचं, खोटं कशाले बोलू.

होळीपासून दर आठवड्याले जळगाव. एसटीत ड्रायव्हरच्या मागं बसायचं, भाऊ, थांबव रे, म्हणायचं, लोक तोंड फिरवून हसायचे. कितीतरी खेपा फुकट गेल्या. हे म्हणायचे, झाली का हौस? मग एकदा परत येताना तापीचा पूल मागं गेला आणि ध्यानात आलं की आज मी ड्रायव्हरले हाकच मारली नाही.

त्या श्रावणात मी कोणाले विचारलं नाही. न्हाले, नवं लुगडं नेसले, देवी उचलली. सुमन तोंड उघडणार तेवढ्यात मी उंबऱ्याबाहेर. आणि मुद्दाम हळू चालले. जिनं जिनं ओवाळायले ताट आणलं, तिच्या दारात थांबले, ओळखीची असो नसो. ऊन चढलं. मागून सुमन म्हणते, अक्का, चाल ना व लवकर. मी मान न वळवता मोठ्यानं म्हटलं, का व सुमन, तुले लागली का?

तेव्हाही हसले सगळे. तेच सगळे.

गुण कायमचा नाही. करंट थांबला की चार-सहा महिन्यांत पुन्हा पळापळ. मागच्या साली करंटच्या खर्चापायी कानातलं गेलं, यंदा शेळ्या जातील. हे म्हणतात, पुरे आता, दे दुसरीले देवी. देत नाही. सुमनचे गुडघे गेले, काठी घेऊन मागून येते बिचारी. देव तिले उदंड आयुष्य देवो. दर श्रावणात मले ती मागं पाहिजे.