परीक्षेला न येणारा सिद्धांत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बमरोलीच्या सोसायटी कमिटीचे प्रमुख माननीय सुकलालभाऊ, आज शाळेतून निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आणि आमचे गुरुवर्य श्रीरंग वानखेडे सर, शाळेच्या मुख्याध्यापिका वर्षाताई, सरांचे चिरंजीव वैभव, सूनबाई दिपाली, आणि पंख्याखाली जागा मिळालेल्या व न मिळालेल्या माझ्या सर्व बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी योगिता, सरांची जुनी विद्यार्थिनी. मागच्या बिल्डिंगमध्ये राहते, घरी साड्यांना लेस लावायचं काम करते. सूत्रसंचालिका सुमनताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि वर कानात सांगितलंय, ‘‘गोड बोल गं बाई, निरोप आहे.’’ प्रयत्न करते.

सर मराठी शाळेत समाजशास्त्र शिकवायचे. नुसतं शिकवायचे नाहीत, तर जी मुलगी चार दिवस दिसली नाही तिच्या दारात जाऊन उभे राहायचे. नववीत माझी शाळा सोडवायचं घरात ठरलं होतं. सर आले, वडिलांशी तासभर भांडले, चहा प्यायले, पुन्हा भांडले. मी दहावी झाले ती त्यांच्यामुळे. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून कुणी म्हणेल, खाल्ल्या घरचे वासे मोजते. तसं नाही. मी सरांची ऋणी आहे आणि सरांवर चिडलेलीही आहे. एका पोटात दोन्ही मावतं!

तो लोकसंख्येचा धडा आठवतो का कुणाला? सर फळ्यावर दोन ओळी लिहायचे. वरच्या ओळीत माणसं, एकाची दोन, दोनाची चार, चाराची आठ. खालच्या ओळीत धान्य, एक, दोन, तीन, चार. मग खडू आपटून म्हणायचे, ‘‘बघा, पाटावर बसणारे वाढतात दुपटीनं आणि वाढायला भांड्यात वाढतं चिमूटभर!’’ एका जुन्या इंग्रज पाद्र्याचा हा सिद्धांत. आमच्या वर्गात एका खोलीत आठ-आठ जण राहणारी पोरं. सगळे माना खाली घालून बसायचे, जणू चोरी पकडली गेलीय.

मी तेव्हाही तोंडाळ होते. उभी राहिले आणि विचारलं, ‘‘सर, मग आमच्या घरातलं जास्तीचं कोण?’’ वर्ग फिदीफिदी हसला. सर म्हणाले, ‘‘ते घरी विचार.’’ मी आज्ञाधारक, घरी विचारलं. माझी आई मंगलाबाई, इथेच आहे, आत स्वयंपाकाचं बघतेय. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘जो मोजस ना, तोच जास्तीना शे.’’ मोजणारा तोच जास्तीचा! आणि पाठीत एक धपाटा.

आता खरी गोष्ट. त्या धड्यात पुढे दुसरा सिद्धांतही होता. माणूस नुसतं तोंड घेऊन येत नाही, दोन हात आणि एक डोकंही घेऊन येतो. अडचण आली की शक्कल लढवतो, त्याच जमिनीतून जास्त काढतो. आणि पुष्कळदा टंचाई वस्तूची नसते, वाटपाची असते. हे सरांचं आम्हाला कधी शिकवून झालंच नाही. दरवर्षी तिथवर आलं की घंटा व्हायची आणि सर म्हणायचे, ‘‘हे घरी वाचून घ्या, परीक्षेला येत नाही.’’ परीक्षेला येत नाही म्हटल्यावर वाचतंय कोण?

मी तेव्हा वाचलं नाही, ते जुनं पुस्तक आत्ता कुठे उघडलं. आणि माझ्या पुढच्या बाकावर बसणाऱ्या एका हुशार मुलानंही वाचलं नाही. तो मुलगा म्हणजे आपले आजचे अध्यक्ष.

हसू नका हो, रडायची वेळ आलीय. बाहेरगावचे पाहुणे आहेत म्हणून सांगते. मागच्या महिन्यात कमिटीनं नियम केला, एका खोलीत पाचच माणसं. सहावं असेल त्यानं दिवाळीनंतर दुसरी सोय बघावी, नाहीतर त्या खोलीचा नळ बंद. का, तर पाणी पुरत नाही. मीटिंगमध्ये सुकलालभाऊ छाती पुढे काढून म्हणाले, ‘‘सरांनीच शिकवलंय, माणसं दुपटीनं वाढतात, पाणी वाढत नाही.’’ झालं! शास्त्राचा शिक्का बसला. सगळ्यांनी हात वर केले.

आमच्या खोलीत मी, माझे मिस्टर धर्मेंद्र, दोन मुलं, सासरे आणि सहावी माझी आई. वडील गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. लेकीच्या घरी राहते म्हणून आधीच लोक नाकं मुरडतात. गावाकडे तिचं कोणी उरलं नाही. दिवाळीनंतर मी तिला कुठे ठेवू? तापीच्या काठावर?

चीड येते हो! पाणी खरंच कमी आहे का? पुढच्या बिल्डिंगवाल्यांनी लाइनला थेट मोटरी लावल्यात. सकाळी पाणी आलं की त्यांच्या टाक्या भरून गच्चीवरून ओसंडतात आणि मागे आमचे नळ नुसते फुसफुसतात. पाणी सोडणाऱ्या गुजराती व्हॉल्व्हवाल्या भाऊंना विचारलं तर म्हणे, ‘‘बेन, पाणी तो छे, माणस वधारे छे.’’ त्यांनाही तोच धडा पाठ! अहो, माणसं जास्त नाहीत, मोटरी जास्त आहेत. आपल्यात म्हणतात ना, वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावं. आपला वाढपी पुढच्या बिल्डिंगच्या ओळखीचा आहे, एवढंच. अध्यक्ष महाराज, घड्याळ बघू नका, आवरतेच आहे.

मघाशी तुम्ही एक आनंदाची बातमी दिलीत. सर आता शाळेजवळची भाड्याची जागा सोडून आपल्या सोसायटीत, वैभवकडे राहायला येणार. कायमचे. काय टाळ्या पडल्या! मीही हात लाल होईस्तोवर वाजवल्या. आणि मग, आईनं लहानपणीच बजावलं होतं तरी, मी मोजलं. वैभव, दिपाली आणि त्यांची तीन लेकरं. सरांनी तो धडा घरी घेतलेला दिसत नाही, पण देव त्या लेकरांना उदंड आयुष्य देवो. एका खोलीत एकूण पाच.

सर, तुम्ही सहावे.

आता लागलात सगळे बोटं मोजायला. मघाशी कुणालाच सुचलं नाही ना? कारण सरांना कुणी मोजलंच नाही. आपल्या माणसाला कोण मोजतं? माझ्या आईला मात्र मोजलं.

सर, तुम्हाला सवलत देतील, मला ठाऊक आहे. आत्ताच अध्यक्षांनी शेजारी कानात काहीतरी सांगितलं. पण ती सवलत तुम्ही घेऊ नका, एवढं तुमच्या विद्यार्थिनीचं मागणं आहे. माझ्यानंतर तुमचं मनोगत आहे. शाल-श्रीफळाचे आभार नंतर माना. आधी तो राहिलेला अर्धा धडा शिकवा. आज घंटा होणार नाही, आणि या वेळी तो परीक्षेला आलाय. तुमचा विद्यार्थी अध्यक्षांच्या खुर्चीत बसलाय, त्याला उठता येणार नाही.

आणि नववीत विचारलेलं पुन्हा विचारते, सर. घरी विचारून झालं, म्हणून आता तुम्हालाच. आमच्या घरातलं जास्तीचं कोण?

सुमनताई, गोड बोलायचं राहिलंच. मोठ्यांसमोर जीभ सैल सुटली असेल तर लेक समजून पोटात घाला. एवढा वेळ ऐकून घेतलंत, तुम्हा सर्वांची आभारी आहे. जेवल्याशिवाय कुणी जाऊ नका. बोलावली त्याच्या दुप्पट माणसं आलीत असं आतून कळलंय, तरी बिनघोर बसा. वाढायला माझी आई उभी आहे, आणि ती मोजत नाही.