भरलेली जीप

—नाही साहेब, तुमच्या पाहणीच्या फॉर्मातला हा प्रश्नच चुकलाय. ‘लोक सरकारी बस सोडून जीपमध्ये का बसतात’ — लोकांना कशाला विचारता? मला विचारा, मी बसवायचो. लिहा, सलाउद्दीन, पंक्चरवाला — पण त्याआधी एकोणीस वर्षं डोंगरातून अक्कलकुव्याला जीप चालवली. रिकाम्या गाडीत माणूस चढत नाही. भरलेली दिसली की धावत येतो, दाराला लटकतो. म्हणून मी आधी माझ्या दोन भावांना आत बसवायचो, पिशव्या घेऊन. जीप भरली की ते उतरायचे. यात फसवणूक कसली? धंदा आहे.

सरकारने जीप बंद कराव्यात म्हणता? करा ना. मग बस येत नाही त्या दिवशी माणसं काय तुमच्या फॉर्मवर बसून येतील? आणि सगळं आमच्यावर सोडलं तर — तर काय होतं, तेही मला माहीत आहे.

आमशा होता, वर डोंगरात राहणाऱ्या रूपलीबाईचा नवरा. त्याच्या पोटात दुखतंय म्हणून दोघं नवरा-बायको दवाखान्यात निघालेले, बसची वाट बघत होते. मला चार सवाऱ्या कमी होत्या. म्हटलं, आज बस येणार नाही. त्यांनी लगेच मानलं — आदल्या आठवड्यात खरंच आली नव्हती. बसले. मी उरलेल्या दोघांसाठी थांबलो. जितका थांबलो तितकं निघवेना — एवढा वेळ घालवला, आता दोन जागा रिकाम्या कशाला न्यायच्या? तेवढ्यात बस आली. आमशा उठायला लागला, मी त्याचा हात धरला — हे मी कुणाला सांगितलेलं नाही — हात धरला आणि म्हटलं, “बस रे, आपण आधी पोचू.” तो बसला. बस गेली. आम्ही तासाभराने निघालो. आतडं फुटलं होतं, डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी गेला.

मग? रडू का तुमच्यासमोर? माझं चुकलं, लिहा. पण हेही लिहा — बस रोज वेळेवर येत असती, तर माझं खोटं कुणी मानलं असतं? ते खरं वाटायला कुणी लावलं?

रूपलीबाई अजून बाजाराला येते. बस नसली तर पायी परत जाते, सगळा घाट चढून. जीपवाले फुकट नेतो म्हणतात, तरी चढत नाही. तिच्यासाठी रकाना आहे तुमच्या फॉर्मात?

नाही ना? मग पेन खिशात ठेवा. हवा भरून झालीय तुमच्या चाकात. निघा.