मिसाओकाला आवाज नाही

...आणि वर मलाच विचारतात, काका, बँड लावू या का! बँड! आता तुम्हीच सांगा, ज्या गाडीला आवाज नाही, आवाज नाही म्हणून उभ्या जगात नाव झालं, त्या गाडीच्या मागे ढोल-पिपाण्या कशाला हो? वरात काढताय का माझी? चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो, त्यातली बेचाळीस वर्षं मिसाओका मोटरमध्ये काढली, पण गाडी चालवायला बँड लागतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं! थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा उगाच तणतणतोय.

आमचं गाव म्हणजे मिसाओकाचं गाव. आठ घरांतली सात घरं कंपनीची, आठवं देवळातल्या गुरुजींचं, आणि गुरुजींच्या अंगणातली गाडीही मिसाओकाच. दुसरी ठेवतील कशी? कारण ही सगळी सुरुवातच मुळी देवळापासून झाली. आमचे थोरले मालक, सेन्झाबुरो मिसाओका, भात सडायची यंत्रं करायचे. देवळाला लागूनच त्यांची शेड. एक दिवस गुरुजी आले... म्हणजे हल्लीच्या गुरुजींचे आजोबा... आणि म्हणाले, "सेन्झाबुरो, मी सूत्र म्हणायला लागलो की तुझं यंत्र ताल धरतं, त्याला माझी हरकत नाही. पण मेलं ते बेताल आहे!" झालं! मालकांना इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की तीन महिने शेडमधून बाहेर आले नाहीत. आले ते असं यंत्र घेऊन आले की बायको विचारायची, "अहो, चालू आहे की बंद?" आणि हे म्हणायचे, "तांदूळ बघ!"

तिथून तीनचाकी टेम्पो काढला. पहिला टेम्पो घेतला एका तोफूवाल्यानं. आठवड्यात परत घेऊन आला! का? तर म्हणे, "मालक, मी गल्लीतून कधी येतो आणि कधी जातो हे गिऱ्हाइकाला कळतच नाही, तोफू आंबतोय माझा!" मालकांनी त्याला काय दिलं? एक पिपाणी. आणि म्हणाले, "आवाज तू कर. मिसाओका करणार नाही." हे वाक्य आमच्या कारखान्याच्या दारावर कोरलंय, जाऊन बघा! मग मोटारी आल्या, बोटीत चढल्या, अमेरिकेला गेल्या, तिथले लोक किल्ली फिरवायचे, आवाज नाही म्हणून परत फिरवायचे, परत फिरवायचे, शेवटी कंपनीनं काचेवर चिठ्ठी चिकटवली, 'गाडी सुरू झाली आहे, कृपया विश्वास ठेवावा.' कळलं? याला म्हणतात नाव! मिसाओकाला आवाज नाही म्हणजे नाही!

हां, नदीपलीकडे आणखी एक कंपनी आहे. नाव मी घेत नाही. आमच्या गावात कुणीच घेत नाही, आम्ही म्हणतो 'तिकडचे'. तेही मोटारी करतात, आणि सतरा प्रकारचं काय काय करतात, करू देत बापडे. तिकडची गाडी आमच्या गावात आली तर ती लावायची कुठं? तर गावाबाहेर, पर्सिमनच्या बागेपाशी. नियम कुणी लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. आता माझा जावई, शिन्गो, तिकडच्यांकडे नोकरीला. लेकीनं जमवलं, मी काय बोलणार? पण पहिल्यांदा आला तो गाडी थेट दारात! मी नुसता गाडीकडे बघत उभा राहिलो. पोरगं हुशार, लगेच गाडी वळवली, बागेपाशी लावली, आणि भर पावसात मिठाईचा पुडा छातीशी धरून चालत आला. गेली नऊ वर्षं तसाच चालत येतो. तब्येत सुधारली त्याची.

आणि मी कोण? मी कान! हसता काय? कंपनीत मला कुनिमात्सु म्हणून कोण ओळखायचं? सगळे म्हणायचे 'कान'. गाड्या जुळवायच्या सरकत्या पट्ट्याच्या शेवटी एक बंद खोली, गाडी आत यायची, मी डोळे मिटून बसायचो, इंजिन सुरू. कुठं बारीक कुरकुर, कुठं एखादा स्क्रू मनातल्या मनात पुटपुटतोय... की मी डोक्यावरची दोरी ओढलीच! दोरी ओढली की दिवा लाल आणि अख्खा पट्टा बंद, तीनशे माणसं जागच्या जागी उभी. आणि आमचे मुकादम, हाचियासाहेब, धावत यायचे. आता तुम्हाला वाटेल, आल्या आल्या खेकसत असतील. छे! टोपी काढायची, कमरेत वाकायचं, आणि म्हणायचं, "थांबवलंस, आभारी आहे. काय झालं?" आधी आभार, मग विचारणा. हे उलटं झालं तर हाचियासाहेब स्वतःच्याच कानाखाली आवाज काढतील असा माणूस... आणि तेवढाच काय तो आवाज, आमच्या कारखान्यात! माझी बायको हिसाएसुद्धा तिथलीच, सीटची शिलाई करायची. तिच्याही डोक्यावर दोरी होती, पण तिनं उभ्या आयुष्यात एकदाही ओढली नाही. इतका सुबक हात! आणि इतका अबोल स्वभाव.

तर माझी गाडी. एकतीस वर्षांपूर्वी घेतली, मीच ऐकून पास केलेली, पिवळी मिसाओका. एकतीस वर्षं, आणि आवाज? नाही! उलट जितकी जुनी होतेय तितकी शांत होतेय, लोणच्यासारखी मुरलीय म्हणा ना! गेली पाच-सहा वर्षं तर इंजिन सुरू आहे की नाही हे मला हात लावून बघावं लागतं. नाहीतर बाकीच्या वस्तू बघा. हल्लीच्या किटल्या, शिट्टी मारत नाहीत! पाणी आटून बूड जळतं तरी मेली गप्प. तीन बदलल्या. तिकडच्यांनीच केल्या असणार. आणि उन्हाळ्यात झाडांवरचे किडे कसे किर्रर करायचे, आठवतं? आता एक नाही. हवामान बिघडलं, दुसरं काय!

पण गाडीचं कौतुक किती म्हणून सांगू? शेजारच्या होसोमीबाई, माहेर क्योतोचं, जिभेवर नुसता मध, रोज फाटकात भेटतात आणि म्हणतात, "कुनिमात्सुकाका, गाडी तुमची अगदी तब्येतीत आहे हं! तुम्ही वळणावर असता ना, तेव्हाच आम्हाला कळतं, काका आले! आमच्या यांना तर गजरच लावावा लागत नाही!" मी घरात येऊन हिसाएला सांगायचो, बघ, लोकांना किती जिव्हाळा! ती चहा ओतत राहायची.

आता तुमच्या चेहऱ्यावर काय दिसतंय ते मला दिसतंय. डोळे चांगले आहेत माझे. गप्प बसा आणि पुढचं ऐका.

यंदा कंपनीला ऐंशी वर्षं झाली. मोठा समारंभ, तीन हजार माणसं, आणि ठरलं काय, तर मैदानात सगळ्यात शेवटी माझी पिवळी गाडी आणायची, मीच चालवायची. मी म्हटलं, माझी एकच अट, भोंगे बंद, भाषण बंद, सगळ्यांनी तोंडं मिटायची आणि नुसतं ऐकायचं. काय ऐकायचं? काही नाही, ते ऐकायचं! साहेब लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं हो.

चार दिवस आधी रंगीत तालीम. हिसाए बाकावर बसलेली. मी दिमाखात मैदानात एक फेरी मारली आणि उतरलो. समारंभाचं सगळं बघणारी ओरिहारा म्हणून एक पोरगी आहे, ती वही छातीशी धरून आली, चेहरा असा जसा काही ताप भरलाय. "काका... फारच... भावना दाटून आल्या. मी काय म्हणत होते... आपण थोडा बँड ठेवू या का?" मी म्हटलं, बँड कशाला? "नाही म्हणजे... वातावरण." मी म्हटलं, वातावरण मी आणतो! गेली. साहेबांशी कुजबुजली. परत आली. "काका, गाडी जर आपण सहा जणांनी ढकलत आणली तर? जास्त... आदरानं होईल." ढकलत! मिसाओका ढकलत! अहो, मयत आहे का कुणाची? मी इतका भडकलो, म्हटलं बाजूला व्हा, परत दाखवतो! बसलो, किल्ली फिरवली आणि निघालो...

आणि बाकावरची हिसाए उठली. शांतपणे चालत मैदानाच्या मधोमध येऊन उभी राहिली, उजवा हात सरळ वर केला, मूठ वळली... आणि हवेतच खाली ओढली.

दोरी!

तुम्हाला सांगतो, माझा पाय माझ्या आधी ब्रेकवर गेला. बेचाळीस वर्षांची सवय! मी उतरलो, डोकं भडकलेलं, तोंडात शब्द तयार, "वेड लागलंय का तुला?"... पण टोपी हातात आली होती हो! कंबर वाकली होती! आणि तोंडातून काय निघालं? "थांबवलंस, आभारी आहे. काय झालं?"

ती जवळ आली, अगदी कानाशी, आणि मोठ्यानं म्हणाली... हिसाए, मोठ्यानं! "अहो, आवाज आहे."

"कुठं?"

"सगळीकडे. सहा वर्षं आहे."

"आणि तू सहा वर्षं..."

"तुमच्या कानाला मी काय सांगणार?" एवढं म्हणाली आणि रडायलाच लागली. आणि मी तीन हजार रिकाम्या खुर्च्यांसमोर टोपी हातात घेऊन उभा. खोटं कशाला सांगू, मलाही रडू आलं. गाडीचं काही नाही हो, इंजिनाचा पट्टा बदलता येतो. पण मी 'कान' होतो ना! दुसरं होतो काय मी?

दोन दिवस तोंडात घास गेला नाही, मिसोचं सूप तसंच निवायचं. होसोमीबाईंचं प्रत्येक वाक्य आठवायचं आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. तिसऱ्या दिवशी शिन्गो आला, बागेपासून चालत, घामानं निथळत. समोर बसला, एक छोटीशी डबी पुढे सरकवली, आणि म्हणाला, "बाबा, रागावू नका. नुसतं घालून बघा." कानातलं यंत्र. शेंगदाण्याएवढं. हिसाएनं बसवून दिलं...

आणि किर्रर्रर्र! मी ओरडलोच, हे काय? हिसाए म्हणाली, "किडे आहेत. झाडावरचे." म्हणजे होते हो सगळे! तिच्या सपातांचा आवाज ऐकला. किटलीची शिट्टी ऐकली, बिचारी जीव खाऊन ओरडत होती, आणि मी तिच्या तीन बहिणी फेकून दिल्या होत्या! मग म्हटलं, चला, बघूच. अंगणात गेलो, किल्ली फिरवली... अरे देवा! दारात शेपूट चेंगरलेलं मांजर आणि आत दगड घातलेला पत्र्याचा डबा, दोघांनी मिळून गाणं म्हणावं तसा आवाज! माझ्या काळात ही गाडी खोलीत आली असती तर मी दोरी तोडली असती. दिवसभर गाडीखाली पडून राहिलो. शिन्गो विजेरी धरून, मी कान लावून. "इथं?" "नाही, जरा डावीकडे." "आता?" "आता नट हलतोय, पाव वळण दे." तिकडच्यांचा माणूस, पण हात चांगला आहे पोराचा. एक पट्टा, चार रबरी चकत्या, आणि कुठलासा पुटपुटणारा स्क्रू... सापडला! मीच ऐकला!

आणि समारंभाच्या दिवशी, तुम्हाला सांगतो, तीन हजार माणसं, बँड नाही, भोंगे नाहीत, आणि माझी पिवळी गाडी मैदानात आली ती अशी की पाहुण्यांच्या कडेवरचं एक पोर शिंकलं ते सगळ्यांनी ऐकलं! आवाज? नाही! मिसाओकाला आवाज नाही म्हणजे नाही! लोक उभे राहिले. होसोमीबाई मला म्हणाल्या, "आता मात्र आमच्या यांना गजर लावावा लागणार हं!" या वेळी कळलं मला.

आणि ओरिहारा माइकवरून काय म्हणाली असेल? "हाच तो मिसाओकाचा कान! तिकडच्यांना ज्यानं बेचाळीस वर्षं हरवलं, तो कान आजही तसाच आहे!" टाळ्यांचा कडकडाट. आणि मी पटकन टोपी कानावर ओढली.

का म्हणजे? आदल्या रात्री चष्मा लावून डबीचं बूड वाचलं होतं ना! शिन्गोनं सांगितलंच नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. अहो, यंत्र तिकडच्यांचं! त्यांच्याच कारखान्यातलं! बेचाळीस वर्षं ज्या कानानं त्यांना पाणी पाजलं, त्याच कानात आता ते घर करून बसलेत, आणि मी त्यांना रोज सकाळी स्वतःच्या हातानं आत घेतो. जावयाला सांगितलंय, बाबा रे, आता गाडी दारातच लावत जा. तोंड तेवढं भिंतीकडे करून.

परत करणार होतो, खरंच. समारंभानंतर दोन दिवस नुसता बसून ऐकत होतो, कुठं खरखर सापडते का, शिट्टी सापडते का, बारीक कुरकुर तरी... दोरी ओढायला हात तयार ठेवला होता. पण काय सांगू तुम्हाला... तिकडच्यांनी केलंय मेल्यांनी, पण आवाज नाही हो!