राखाडी पडद्याला लागलेलं कुंकू

...अन् वर म्हणं राखाडी! तुम्हाला सांगतो, साखर कारखान्यात बॉयलर चालवून केस पिकले माझे, पण कंट्रोल रूममधी कॉम्प्युटरचा असला सुतकी पडदा म्या बघितला न्हवता. आधीचा कसा, लाल, हिरवा, पिवळा, सगळं लुकलुकतंय, लगीनघरावानी... अन् भोंगा? पंखा गरम झाला, कोकल. दार उघडं राह्यलं, कोकल. मग आमी काय केलं, गप करायच्या बटनात काडेपेटीची काडी खुपसली. साहेबांनी काडी बघितली, "महारुद्र, घरी बसवीन." अन् पडदे बदलाया पुण्याहून आलेल्या दीपाली मॅडम काय म्हणल्या? "मामा, चूक तुमची नाही, मांडणीची आहे." असं मला आजवर कोण म्हणलंय? बायकोबी न्हाय म्हणली...

मॅडम आमच्यापाशी खुर्ची टाकून बसल्या, आमच्यातली भाकरी खाल्ली, अन् सगळं राखाडी केलं. "मामा, आता लाल दिसलं तरच धोका, अन् भोंगाही तेव्हाच वाजेल." बरं म्हणलं.

मग आली बॉयलर पेटवायची पूजा. आमच्यात पूजा म्हंजे एक मशीन सोडायचं न्हाय. चेअरमनच्या मंडळींनी बॉयलरला कुंकू लावलं, पंपाला लावलं, अन् पडद्यालाबी, नेमकं बॉयलरच्या पाण्याची पातळी दिसती तिथं! म्या जेवून येतो तर लाल. बॉयलरमधलं पाणी संपलं की नळ्या फुटतेत, खाली माणूस शिजतो, ठावं हाय का? नुकती पेटलेली शुभाची आग तोडली, बोंबलत खाली गेलो, "रिजवान, पळ!" रिजवान आमच्या तेर गावचा, खाली बॉयलरपाशी असतो. तो पळाला, मागं भटजी, मागं चेअरमन नारळासकट...

साहेब म्हणले, "भोंगा वाजला होता का?" आता भोंगा ऐकायची सवय कुणाला राह्यली? मॅडम मधी पडल्या. "चूक त्यांची नाही, मांडणीची आहे. कुंकवाचा विचार मीच केला नाही."

अन् ऐका, हंगाम भरात आला, एका दुपारी पडद्यावर परत लाल. म्हणलं, केली कुणीतरी पूजा. रुमाल घेतला, पुसलं. निघंना. घासलं. निघंना... अन् ते लाल खाली सरकाया लागलं. कुंकू सरकत न्हाय हो. तेवढ्यात भोंगा वाजला, एकदाच, अन् तेवढाच वाजला म्हणून कानात शिरला. आग तोडली, भट्टीत जाणारं चिपाड बंद केलं. खाली पाण्याचा पंप अडकला होता. रिजवान घामानं निथळत वर आला, कठड्याला धरून म्हणला, "मामू, मिनाजचं नशीब." मिनाज त्याची लेक, नुकती चालाया लागलीय.

मॅडमला फोन लावला. म्हणलं, तुमचे उपकार कसे फेडू, पोरगं वाचलं, पण मॅडम, म्या आधी पुसत बसलो, चूक माझी. तर परत तेच! "नाही मामा, मांडणीची." म्हणलं, एवढी तरी माझी राहू द्या की...

आता पाटी लावलीय, पडद्याला कुंकू लावू नये. पण पूजा सोडतंय कोण? पडद्याच्या वाट्याचं कुंकू मला लावतेत, हळद, हार, चेअरमन स्वतः ओवाळतेत, अन् म्या खुर्चीत देवासारखा गप बसतो... जरा हललो की रिजवान पळतो.